ग्रँड कॅन्यनला येताय? आधी उंची बघा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

दर वर्षी जून उजाडला की आपल्याकडच्या पेपरात ती बातमी येतेच, अमेरिकेत उष्णतेची लाट, अ‍ॅरिझोना ४८ अंशांवर, आणि खाली डोक्यावर ओला टॉवेल घेतलेल्या माणसाचा फोटो. बातमी खोटी नसते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ती छापून आली की मला गावाकडून फोन सुरू होतात, कारण मी गेली चौदा वर्षं इथं अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरात राहते. मागच्या वर्षी ओळखीतल्या एका ताईंचा फोन आला, त्यांच्या मुलाला फ्लॅगस्टाफच्या युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशन मिळालेली, आणि त्या माऊलीनं बॅगेत सगळे सुती शर्ट, इलेक्ट्रॉलची पाकिटं आणि दोन टोप्या भरल्या होत्या. मी म्हटलं ताई, त्याला आधी जाड जॅकेट घ्या आणि बर्फात चालायचे बूट घ्या, तो जिथं चाललाय तिथं वर्षाला सव्वादोन-अडीच मीटर बर्फ पडतो. त्यांना खरंच वाटेना. अ‍ॅरिझोनात बर्फ? पेपरात तर ४८ लिहिलंय.

म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबेल, पण एवढं छापाच.

पेपरातला तो ४८ चा आकडा फिनिक्सचा असतो आणि फिनिक्स समुद्रसपाटीपासून फक्त ३३० मीटरवर आहे, डोंगरांच्या मधल्या खोलगट परातीत बसलेलं शहर. तिथून गाडीनं सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर उत्तरेला गेलं की फ्लॅगस्टाफ लागतं, ते २१०० मीटरवर. जुलैत फिनिक्सला दुपारी ४१-४२ असतं तेव्हा फ्लॅगस्टाफला २८ च्या आसपास. आणि आमचं टूसॉन उंचीनं या दोघांच्या मधे, ७३० मीटरवर, म्हणजे फिनिक्सपेक्षा दोन-तीन अंशांनी बरं. राज्य एकच आणि दिवसही तोच. इथल्या जुन्या माणसांना एखाद्या गावाबद्दल विचारलं तर ती किती लांब हे नंतर सांगतात, किती उंच ते आधी सांगतात, आणि गावात शिरताना जी हिरवी पाटी असते तिच्यावर पण बऱ्याचदा गावाच्या नावाखाली उंचीच लिहिलेली असते.

कारण साधं आहे. हवा वर चढली की पसरते आणि पसरली की थंड होते, कोरडी हवा असेल तर दर किलोमीटरला जवळजवळ १० अंशांनी. तीच हवा खाली उतरली की दाबली जाते आणि तेवढीच तापते. त्यात हा सगळा भाग पृथ्वीच्या अशा पट्ट्यात येतो जिथं वरची हवा वर्षातला बराच काळ खालीच उतरत असते, ढग धरूच देत नाही. पश्चिमेला पॅसिफिक समुद्र आहे पण मधे कॅलिफोर्नियाचे डोंगर उभे, हिवाळ्यात समुद्रावरून येणारे ढग तिकडेच रिकामे होतात. आपल्याला हे वेगळं शिकवायला नको. मी माण तालुक्यातली. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि तिथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर आमच्याकडे पाचशेच्या आत-बाहेर, तो पण पडला तर. सह्याद्रीनं अडवलेला पाऊस काय असतो हे आमच्या पिढ्यांना अंगावर माहीत आहे. इथं युमा म्हणून शहर आहे, कोलोरॅडो नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून जेमतेम ४०-४५ मीटरवर, तिथं वर्षाला ८० मिलिमीटर पडतो. अख्ख्या वर्षाला हां.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदा इथं आले तेव्हा दोन दिवस खिडकीपाशी नुसते बसून होते, म्हणाले पोरी, हे तर आपलंच रान आहे, फक्त बाभळीच्या जागी हे खांब उभे केलेत. खांब म्हणजे सवारो, तो मोठा हात पसरलेला निवडुंग. तिसऱ्या दिवशी मी त्यांना माउंट लेमनला घेऊन गेले. टूसॉनच्या अंगणातच सांता कॅटलिना डोंगर आहे, पायथ्यापासून वर समरहेवन गावापर्यंत साधारण ४० किलोमीटरचा घाटरस्ता आणि शिखर २७९० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा हजार-अकराशे मीटर जास्त. पायथ्याला गाडीतला काटा ४१ दाखवत होता. दहा-बारा वळणं झाली आणि अण्णांचे कान बसले, ते गप्प झाले आणि बाहेर बघायला लागले. मग एकदम म्हणाले, थांब थांब, ते खांब कुठं गेले? खरंच सवारो संपले होते. साधारण १२०० मीटरच्या पुढं सवारो टिकत नाही कारण त्याच्या अंगात पाणी भरलेलं असतं आणि थंडीत ते गोठलं की झाड सडून पडतं, एक रात्र गोठलं तर निभावतं पण दुसरा दिवसभर पण गोठलेलंच राहिलं तर संपलं. आम्ही थांबलो होतो तिथं दरीच्या एका अंगाला, जे दक्षिणेकडं तोंड करून आहे, अजून पाच-सात सवारो उभे होते आणि समोरच्या सावलीच्या अंगाला एकही नव्हता. अण्णा शेतकरी माणूस, त्यांनी लगेच हातानं सूर्याचा रस्ता दाखवला आणि मान हलवली. त्यांना पुढं काही सांगावंच लागलं नाही.

त्याच्यावर ओकची झाडं, मग पाइन, मग अगदी वर फर. पॉन्डेरोसा पाइनच्या खोडाला ऊन लागलेलं असताना सालीच्या भेगेत नाक घातलं तर व्हॅनिलाचा वास येतो, अण्णांनी नाक घातलं आणि म्हणाले बेकरीत आल्यागत वाटतंय. वर २६ अंश होतं. त्यांनी पिशवीतून मफलर काढला. तासाभरापूर्वी हाच माणूस एसीचं भोक स्वतःकडं वळवून बसला होता. १८८९ साली सी. हार्ट मेरियम नावाच्या शास्त्रज्ञानं फ्लॅगस्टाफजवळच्या सॅन फ्रान्सिस्को पीक्सवर हेच नोंदवलं, की वाळवंटापासून शिखरापर्यंत चढताना झाडांचे पट्टे तसेच बदलतात जसे मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत जाताना बदलतील. त्यातलं हम्फ्रीज पीक ३८५० मीटरचं, राज्यातलं सगळ्यात उंच. दक्षिण अ‍ॅरिझोनातल्या अशा सुट्या सुट्या डोंगरांना इथं स्काय आयलंड म्हणतात, आकाशातली बेटं, कारण भोवती वाळवंटाचा समुद्र आणि वर थंड जंगल, तिथले बरेच प्राणी खाली उतरून पलीकडच्या डोंगरावर जाऊच शकत नाहीत. माउंट ग्रॅहमवर एक लाल खार आहे, ती जगात फक्त त्या एका डोंगरावर सापडते.

आता पावसाचं. इथं पण मान्सून म्हणतात त्याला आणि हवामान खात्यानं १५ जून ते ३० सप्टेंबर अशी तारीख पण ठरवून दिलीय. पण आपला मान्सून डोळ्यासमोर आणू नका, आठ-आठ दिवसांची झड वगैरे काही नाही. इथला मान्सून म्हणजे आपला वळीव, रोज संध्याकाळचा वळीव, दोन महिने. जूनमध्ये सगळं तापून निघतं, मग वरचे वारे दिशा बदलतात आणि मेक्सिकोकडून, कॅलिफोर्नियाच्या आखाताकडून ओल येते. सकाळी आकाश स्वच्छ असतं. डोंगराचे उतार उन्हानं आधी तापतात, त्यांच्यावरची हवा वर निघते आणि अकरा-बाराला कॅटलिनाच्या डोक्यावर कापसाचा एक बोळा दिसतो. तीन वाजेपर्यंत त्याचा काळा बुरूज झालेला असतो. मग डोंगरावर कोसळतो आणि त्याचा गार वारा खाली खोऱ्यात धावत येतो, त्या वाऱ्यानं पुढचे ढग उठतात, म्हणजे पाऊस डोंगरावर जन्मतो आणि संध्याकाळी शहरात उतरतो. फिनिक्सकडं हाच वारा धुळीची भिंत घेऊन येतो, त्याला हबूब म्हणतात, ५ जुलै २०११ ला आलेली भिंत सगळं शहर गिळत गेली होती, त्याचे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. पाऊस यायच्या आधी क्रिओसोट नावाच्या झुडपाचा वास सुटतो. आपल्याकडं मातीचा सुटतो तसा, पण जरा औषधी, डांबरासारखा उग्र. इथल्या माणसाला विचारा पावसाचा वास कसा, तो तोच सांगेल.

हिवाळ्यात पण पाऊस येतो, तो पॅसिफिककडचा, रिपरिप, सीमेपलीकडच्या मेक्सिकोतल्या सोनोरात त्याला एकिपातास म्हणतात. पण टूसॉनचा वर्षातला साधारण अर्धा पाऊस या उन्हाळी वळवातच पडतो. आणि हो, ज्यांच्या घरात कूलर आहे, आपल्या विदर्भात असतो तसाच पाण्यावर चालणारा, त्यांचे हाल पण याच दिवसात, मे-जूनच्या कोरड्या हवेत मस्त चालणारा कूलर जुलैत हवा दमट झाली की नुसता ओला वारा फेकतो. नागपूरकरांना हे सांगायला नको.

या पावसाची एक गोष्ट मात्र नीट सांगायला पाहिजे कारण त्यात माणसं जातात. आमच्या घरापासून पाच मिनिटांवर एक वॉश आहे, वॉश म्हणजे कोरडा ओढा, वर्षातले साडेतीनशे दिवस नुसती वाळू. जुलैत एका संध्याकाळी मी आणि अण्णा तिथं फिरायला गेलो होतो, डोक्यावर निळं आकाश, एक थेंब नाही, फक्त लांब डोंगरावर काळं दिसत होतं. अण्णा वाळूत उतरले होते, वाकून खडा उचलत होते, आणि एकदम ताठ उभे राहिले. वर या म्हणायच्या आत तेच चढून वर आले आणि मलाच ओढलं. म्हणाले, अगं वर कुठंतरी पडलाय बघ, वास येतोय. मला काहीच कळलं नव्हतं. दोन मिनिटं गेली असतील. मग वळणावरून एक तपकिरी जीभ आली, घोट्याएवढी, पुढं फेस आणि काटक्या आणि एक प्लॅस्टिकची बाटली ढकलत, सापासारखी हिस्स करत, आणि मागनं गुडघाभर, आणि पाच मिनिटांत समोरचा रस्ता बंद. माणगंगेच्या काठचा माणूस म्हणून त्यांना कळलं, आमच्याकडं पण वरच्या अंगाला झाला की ओढा असाच अचानक येतो. १२ ऑगस्ट १९९७ ला अँटिलोप कॅन्यनमध्ये, उत्तर अ‍ॅरिझोनात, अकरा पर्यटक असेच गेले, ते उभे होते तिथं पाऊस नव्हता, कित्येक मैल वरच्या बाजूला पडला होता. तुमच्या पर्यटन पुरवणीत त्या केशरी खडकाच्या चिरेचे फोटो येतात ना, तीच ही जागा. इथं कायदाच आहे, रस्त्यावर पाणी आहे म्हणून अडथळा लावलेला असताना तो चुकवून गाडी घातली आणि अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्या खिशातून.

पण या पत्राचं खरं कारण ग्रँड कॅन्यन आहे, उत्तर अ‍ॅरिझोनात कोलोरॅडो नदीनं कोरलेली ती प्रचंड दरी.

काही वर्षांपूर्वी जूनमध्ये अण्णांबरोबर आत्या पण आली होती, वय बासष्ट, काटक, प्रतापगड-अजिंक्यतारा सहज चढणारी. मला रजा नव्हती म्हणून दोघांना एका टूर कंपनीबरोबर पाठवलं, नाव घेत नाही, पण राग अजून गेलेला नाही. त्यांनी कठड्यापाशी, म्हणजे दरीच्या वरच्या काठापाशी, बस थांबवली, चार तास दिले आणि सांगितलं की ब्राइट एंजल वाटेनं थोडं खाली जाऊन या, फोटो छान येतात. बस्स. कठडा २१०० मीटरवर, तिथं गार वारा, आत्याला वाटलं महाबळेश्वरच. अण्णा गुडघ्यामुळं वरच थांबले, आत्या ग्रुपमधल्या दोघांबरोबर उतरायला लागली आणि उतरतच गेली, दीड मैलावर जो निवारा आहे तिथपर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेतीनशे मीटर उंची गमावली. पाऊण तासात पोचली, खूश. आणि मग परत फिरली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते.

इथंच आपला सह्याद्रीचा माणूस फसतो. आपले गड आपल्याला आधी चढायला लावतात. दम लागला, जमत नाही असं वाटलं की माणूस तिथूनच मागं फिरतो आणि पुढं नुसता उतार असतो. आपल्या पायांना, आपल्या डोक्याला तीच सवय. कॅन्यन उलटा गड आहे. आधी उतार, ताज्या पायांनी, सकाळच्या गारव्यात, आणि शरीर काहीच तक्रार करत नाही, आणि जितकं खाली जाल तितकं गरम होत जातं, तळाशी नदीजवळ साधारण ७५० मीटरवर उन्हाळ्यात फिनिक्ससारखीच भट्टी. आणि दमल्यावर, भर उन्हात, सगळा चढ. जमत नाहीये हे कळतं तेव्हा माणूस चुकीच्या टोकाला असतो.

आत्याला वर यायला पावणेतीन तास लागले. ती पाणी पीत होती, भरपूर पीत होती, चूक तिथंच झाली, पोटात सकाळपासून काही नव्हतं आणि घामातून मीठ सगळं गेलेलं. मळमळ, डोकं गरगरायला लागलं, हात थरथरायला लागले, वळणावरच्या सावलीच्या तुकड्यात खाली बसली ती उठेना. तिथं पार्कची एक रेंजर बाई, म्हणजे रक्षक, वरून येत होती. तिनं काही विचारायच्या आधी आत्याची ओढणी तिच्याच बाटलीतल्या पाण्यानं भिजवून मानेवर टाकली आणि खिशातून खाऱ्या बिस्किटांचं पाकीट काढलं, पाणी थांबवलं, आधी हे खा म्हणाली, एक एक, हळू. अर्धा तास बसवून ठेवलं आणि मग तिच्या मागं मागं चालत वर आणलं. आत्याला इंग्लिश येत नाही, बाईला मराठी येत नाही, पण आत्या अजून तिची आठवण काढते. बस तोपर्यंत दुसऱ्या पॉइंटला निघून गेली होती, अण्णा एकटे कठड्यावर उभे, फोनला रेंज नाही.

पार्कवाले स्वतः सांगतात की उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार खालच्या वाटांवर चालू नका, पाट्या लावल्यात त्यांनी, पण त्या इंग्लिशमध्ये आणि आपली साठीतली माणसं मुलाबाळांना भेटायला मे-जूनमध्येच येतात. म्हणून माझी विनंती आहे संपादक साहेब, कॅन्यनवर लेख छापाल तेव्हा हे मराठीत छापा. उतरायला जेवढा वेळ, त्याच्या निदान दुप्पट चढायला धरा. पाण्याबरोबर खारं काहीतरी खात राहा, शेंगदाणे, चिवडा, काहीही. दुपारच्या आत वर या. आणि वर गार वाटतंय म्हणून खाली पण गार असेल असं समजू नका.

तापमानाच्या बातमीत पण शहराच्या नावापुढं उंची द्या, फिनिक्स ३३० मीटर, एवढं तरी. त्यानं गरमीची बातमी हलकी होणार नाही, उलट खरी होईल. २०२३ मध्ये फिनिक्समध्ये ३० जूनपासून सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर होता, काँक्रीट रात्री पण निवत नव्हतं, आणि फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे तिथं त्या वर्षी उष्णतेनं ६४५ माणसं गेली, त्यात बेघर लोक फार मोठ्या संख्येनं. ज्याच्याकडं गाडी आहे तो शनिवारी फ्लॅगस्टाफला नाहीतर पेसनला वर पळतो, ज्याच्याकडं नाही तो त्या परातीत राहतो. मला ही गोष्ट दर उन्हाळ्यात टोचते.

जुनी माणसं हे ओळखून राहायची. नवाहो लोक उन्हाळ्यात मेंढरं घेऊन डोंगरावर जायचे आणि थंडीत खाली, आपले धनगर ऋतू बघून घाट ओलांडतात तसेच. टूसॉनच्या पश्चिमेला तोहोनो ओ'ओडम लोकांची जमीन आहे, नावाचा अर्थच वाळवंटातली माणसं. ते जूनच्या शेवटी सवारोची फळं काढतात, सवारोच्याच वाळलेल्या फासळ्यांची लांब काठी, टोकाला आडवी काडी, आपली आंबे काढायची आकडीच. त्या फळाचा रस आंबवून पावसाला बोलवायचा सण करतात आणि तिथून त्यांचं नवं वर्ष. शेती कुठं करायची तर ओढा डोंगरातून सुटून जिथं पसरतो त्या तोंडाशी, पूर येऊन गेला की त्या ओलीवर पेरायचं. त्यांची टेपरी नावाची शेंग आहे, छोटा दाणा, एक-दोन पावसावर येते. मी तिची उसळ करते, मटकीपेक्षा जास्त भिजवावी लागते पण चव आमच्या रानातली वाटते.

आता मात्र टूसॉन पितं ते पाणी कोलोरॅडो नदीचं, लांबच्या रॉकी डोंगरावरचं वितळलेलं बर्फ, ५४० किलोमीटरच्या कालव्यानं आणि वाटेत जवळजवळ ८८० मीटर वर उचलून आणलेलं. अण्णांना मी तो कालवा दाखवला तेव्हा म्हणाले म्हणजे टेंभूच की, जिहे-कठापूरच की. हो, आमच्याकडच्या त्या पाणी उचलून आणायच्या योजनांसारखंच. आणि वर बर्फ कमी पडायला लागल्यापासून २०२२ पासून अ‍ॅरिझोनाच्या वाट्याला कपात पण लागलीय, त्याचा पहिला फटका शेतकऱ्यांना बसला. डोंगरावरची जंगलं पण वाळतायत. २०२० च्या जूनमध्ये कॅटलिनावर वीज पडून आग लागली, बिगहॉर्न फायर, जवळजवळ १ लाख २० हजार एकर जळालं, रात्री आमच्या गच्चीतून डोंगरावर लाल रेघ दिसायची आणि सकाळी गाडीवर राख. अण्णांनी नाक लावलं होतं ते झाड वाचलं का बघायला मी रस्ता उघडल्यावर गेले होते. वाचलंय. बुंधा एका बाजूनं काळा झालाय, पण वर हिरवं आहे.

अण्णा पुढच्या वर्षी परत येतायत. मी मेचं तिकीट बघत होते तर म्हणाले मे नको, जुलैचं काढ, मला तो ओढा परत येताना बघायचाय.

आपली,
एक जुनी वाचक
टूसॉन, अ‍ॅरिझोना (मूळ माण तालुका, जि. सातारा)